शेवटचे दोन फूट

गेल्या महिन्यात या सदरात घरच्या टाकीबद्दलच्या एका प्रश्नाला उत्तर देताना मी जाता जाता लिहून गेलो, की दवाखान्यात टाकीपेक्षा नळाआधीचे दोन फूट आणि बेसिनखालचे दोन फूट जास्त सांभाळावे लागतात. त्या एका वाक्यावर पत्रांचा ढीग आला, बहुतेक नाशकातूनच. म्हणून या वेळी घरचे प्रश्न बाजूला ठेवतो.

नव्या वाचकांसाठी सांगतो. मी डॉक्टर नाही, इंजिनिअरही नाही. आयटीआय केलं, मामाच्या हाताखाली जीआय पायपाला आटे पाडायला शिकलो आणि गेली तेहतीस वर्षं नाशिक, सिन्नर, ओझर, पिंपळगाव या पट्ट्यात दवाखान्यांचं पाणीकाम करतो. औषध कोणतं घ्यावं ते मला विचारू नका. पाणी कुठून येतं, कुठे थांबतं आणि कुठे जातं, तेवढं विचारा.

पाथर्डी फाट्याजवळ तीस खाटांचं रुग्णालय बांधतो आहे. गच्चीवर कार्बन फिल्टर, यूव्ही, स्टीलची टाकी असा सगळा खर्च केला आहे. टाकीच्या पाण्याचा रिपोर्ट स्वच्छ आला. तरी तुम्ही म्हणता नळ बघा. नकाशा सोबत पाठवतो. — एक डॉक्टर

डॉक्टर, रिपोर्ट खरा आहे. पण तो टाकीचा आहे, आणि टाकीत कोणी हात धूत नाही.

गंगापूर किंवा मुकणे धरणाचं पाणी शुद्ध होऊन तुमच्या खालच्या टाकीत पडतं, तेव्हा त्यात थोडा क्लोरीन शिल्लक असतो. आपलं भारतीय मानक सांगतं, की पिण्याच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन असावा. हा पाण्याबरोबर नळापर्यंत चालत येणारा राखणदार. तुम्ही गच्चीवर काय केलंत? कार्बन फिल्टर बसवून त्याला गेटवरच निरोप दिलात. पुढे यूव्हीचा दिवा लावलात. दिव्याखालून जाताना जंतू मरतात, मान्य. पण दिवा ओलांडला की त्या पाण्याला कसलंही संरक्षण नाही, आणि तिथून शेवटच्या खोलीपर्यंत तुमचा अडीचशे फूट पाइप आहे. तो सगळा रामभरोसे.

पायपाच्या आतल्या भिंतीवर बुळबुळीत थर धरतोच. शिकलेले लोक त्याला बायोफिल्म म्हणतात, आम्ही नुसतं बुळबुळ म्हणतो. पाणी वाहतं राहिलं आणि क्लोरीन पोहोचत राहिला तर थर पातळ राहतो. पाणी थांबलं की माजतो.

याचा धडा मी स्वतःच्या चुकीतून घेतलाय. पंधराएक वर्षांपूर्वी शहरातल्या एका दवाखान्यानं पहिल्या मजल्यावरचा छोटा वॉर्ड बंद करून तिथे फायली ठेवायची खोली केली. मला म्हणाले, इथलं बेसिन काढून टाका. मी काढलं, भिंतीशी पायपाला डमी, म्हणजे बूच, मारली, वर प्लास्टर केलं, बिल घेतलं. काम साफसुथरं दिसत होतं. मागे भिंतीत चौदा फूट पाइप पाण्यानं भरलेला तसाच राहिला. एका टोकाला बंद, दुसऱ्या टोकाला शेजारच्या ड्रेसिंग रूमच्या लाइनला जोडलेला. दोन वर्षांनी सिस्टरांची तक्रार आली, की ड्रेसिंग रूमच्या नळाला सकाळी वास येतो. मी नळ बदलला. वास तसाच. मग त्यांनी पाणी तपासायला दिलं, आणि स्युडोमोनास नावाचा जंतू निघाला.

लॅबच्या मॅडमनी मला थाळी दाखवली. हिरवट झाक असलेली वाढ होती. म्हणाल्या, "याला वास कसला येतो माहितीये? द्राक्षाचा. मुद्दाम घ्यायचा नसतो, पण येतोच." आयुष्य द्राक्षांच्या गावात गेलं माझं, पिंपळगावच्या मार्केटातल्या क्रेटची आठवण करून देणारा वास त्या खोलीत आला तेव्हा पोटात कालवलं. दुसऱ्या दिवशी प्लास्टर फोडून पाइप हॅक्सॉनं कापला. आत बोट फिरवलं तर अळूच्या फतफत्यासारखा तपकिरी लगदा. ड्रेसिंग रूमचा नळ उघडझाप झाला की दाब हलायचा आणि या चौदा फुटांतलं थोडं थोडं तिकडे जायचं. कोणाला काही झालं का? दोन जखमा भरायला फार दिवस लागले, एवढं सिस्टर म्हणाल्या. पायपामुळेच, असं कोणी सिद्ध केलं नाही. मीही जास्त विचारलं नाही, आणि ते मला अजून टोचतं. तेव्हापासून नळ काढायचा तर भिंतीशी डमी नाही. जिथून फाटा निघतो त्या टी-पाशी जाऊन, टीच काढून सरळ सॉकेट टाकायचा. प्लास्टर जास्त फुटतं, मालक कुरकुरतो. कुरकुरू दे.

आता तुमचा नकाशा. डक्टमध्ये, म्हणजे पाइप वर-खाली नेणाऱ्या पोकळीत, प्रत्येक मजल्यावर दोन-दोन टी "पुढेमागे लागतील म्हणून" काढून ठेवलेत. ते सगळे माझ्या चौदा फुटांचेच भाऊ. काढा. प्रत्येक केबिनला बेसिन आहे, त्यातली तुम्ही स्वतः किती वापराल? जो नळ दिवसाला दहा वेळा उघडणार नाही तो मुळातच नको. वापरातले नळ हात धुण्याच्या जागी हवेत, भिंत रिकामी दिसते म्हणून नकोत. आणि प्रत्येक लाइनच्या अगदी टोकाला कमी वापराची खोली टाकलीये. उलट करा. टोकाला स्टाफचं टॉयलेट घ्या. ते सकाळी सहापासून चालू असतं, म्हणजे आख्खी लाइन कोणी न सांगता दिवसभर धुतली जाते.

टाकीही मोठी झालीये. राष्ट्रीय इमारत संहितेत शंभर खाटांपर्यंत दर खाटेमागे दिवसाला ३४० लिटर धरलंय. तुमच्या तीस खाटांना १०,२०० लिटर झाले. गच्चीवर ४०,००० लिटरची टाकी म्हणजे चार दिवसांचं पाणी उन्हात उभं, आणि पहिल्या वर्षी निम्म्या खाटा रिकाम्या असणार, म्हणजे आठ दिवसांचं. आपल्याकडे पाणीकपातीची भीती असते हे मला कळतं. साठा हवा तर खाली करा, सावलीत. आगीसाठीचं पाणी वेगळं कोंडू नका. महापालिकेचं पाणी आधी आगीच्या टाकीत पडू द्या आणि तिथून ओसंडून वापराच्या टाकीत जाऊ द्या. आगीचा साठा भरलेला राहतो आणि सडतही नाही. दोन्ही टाक्यांचे दोन-दोन कप्पे करा, म्हणजे एक धुताना दुसरा चालू राहतो. पाणी एका बाजूनं येऊन समोरच्या बाजूनं निघायला हवं. येणारा आणि जाणारा पाइप शेजारी-शेजारी असले की पलीकडचा कोपरा कायम शिळा.

यूव्ही काढा असं म्हणत नाही, पैसे गेलेच आहेत. त्याच्या पुढे क्लोरीनचा डोसिंग पंप लावा आणि सर्वांत लांबच्या नळाशी रोज ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का याची तपासणी, करा. ग्रामपंचायतीचा शिपाई करतो तीच. नळीत पाणी, दोन थेंब, पिवळा रंग. टीसीएलच्या, म्हणजे ब्लीचिंग पावडरच्या, पोत्याशेजारी वाढलेल्या पोरांना जे जमतं ते तीस खाटांच्या रुग्णालयाला का जमू नये?

आणि सॅम्पल. लॅबचा मुलगा नळ दोन मिनिटं सोडतो, तोंडाला जाळ लावतो, मग बाटली भरतो. मागच्या लाइनचं पाणी तपासायचं असेल तर पद्धत बरोबर. नळ तपासायचा असेल तर सकाळी, कोणी हात लावण्याआधी, जाळ न लावता पहिल्या धारेची एक बाटली भरायला सांगा आणि दोन मिनिटांनी दुसरी. पहिलीत जंतू भरपूर आणि दुसरीत नगण्य, तर दोष शेवटच्या दोन फुटांत. दोन्हीत सारखेच, तर दोष मागे कुठेतरी.

आमच्या आयसीयूतल्या हात धुण्याच्या बेसिनला वास येतो. नातेवाईक त्यातच डबे धुतात. हाउसकीपिंगवाले ॲसिड ओततात, दोन दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. — एक सिस्टर, नाशिक रोड

सिस्टर, ॲसिड ओतणं आधी थांबवा. ते ट्रॅपमधल्या पाण्यात विरघळून पुढे निघून जातं, बुळबुळीचा वरचा पापुद्रा जळतो आणि खालचा तसाच राहतो. कोणी त्याच्यावर ब्लीच ओतलं तर विषारी वायू होईल ते वेगळंच.

खरा प्रश्न डब्यांचा आहे. बेसिनखालच्या वाकड्या पायपात, म्हणजे पी-ट्रॅपमध्ये, कायम पाणी उभं असतं आणि त्यात जंतू असणारच. ते तिथे खाली पडून राहिले तर बिघडत नाही. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात यासाठी चक्क बेसिनांची प्रयोगशाळा उभारली होती. त्यांनी चमकणारे जंतू ट्रॅपमध्ये सोडले आणि वरून त्यांना खायला घातलं. २०१७ साली त्यांनी जे छापलं ते असं: जंतू पायपाच्या भिंतीवरून रोज साधारण एक इंच वर चढत गेले आणि आठवड्याभरात बेसिनच्या तळाच्या जाळीपाशी पोहोचले. एकदा जाळीशी आले की नळाची धार त्यांना उडवायला मोकळी. म्हणजे डब्यातलं उरलेलं वरण, चहाचा तळ, सलाईनचं उरलेलं ग्लुकोज तुम्ही ओतता, ते त्यांच्या जिन्याची एकेक पायरी.

टोरंटोच्या एका आयसीयूत २००४ ते २००६ दरम्यान ३६ रुग्णांना एकाच जातीच्या, औषधांना दाद न देणाऱ्या स्युडोमोनासची लागण झाली. शोधता शोधता हात धुण्याच्या बेसिनांपाशी पोहोचले. बेसिन उथळ, नळाची मान लांब, धार सरळ जाळीवर. चमकणारा रंग टाकून पाहिलं तर तुषार मीटरभर लांब जात होते, आणि तेवढ्या अंतरात औषधं तयार करायचा ओटा होता.

तुम्ही हा प्रयोग रात्रपाळीला दहा मिनिटांत करू शकता. कपड्यांची नीळ घ्या, थोड्या पाण्यात कालवून जाळीच्या तोंडाशी ओता. बेसिनभोवती आणि शेजारच्या ओट्यावर कोरे पांढरे कागद पसरा. नळ पूर्ण सोडून नेहमीसारखे हात धुवा. मग कागद उचलून उजेडात बघा. एका दवाखान्यात मी हे केलं तेव्हा सगळ्यात लांबचा निळा ठिपका इंजेक्शनच्या ट्रेपाशी होता, आणि मेट्रननी तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला, मालकांना दाखवायला. बेसिन बदलण्याचं काम मला पुढच्याच आठवड्यात मिळालं.

बदलताना खोल बेसिन घ्या, धार जाळीवर न पडता उताराच्या भिंतीवर पडेल असं. मधलं ओव्हरफ्लोचं भोक नसलेलं मागा. त्या भोकाच्या आत ब्रश जात नाही. बुचाची साखळी नको. औषधांचा ओटा मीटरभर तरी लांब, आणि जागाच नसेल तर मध्ये उभा पत्रा. हे होईपर्यंत बेसिनवर पाटी लावा: फक्त हात. पण नातेवाइकांना डबे धुवायला वॉर्डबाहेर मोरी दिली नाही तर पाटीचा उपयोग शून्य. माणसं दोन-दोन रात्री खुर्चीवर काढतात, त्यांनी डबा कुठे धुवायचा?

आमचं गंगापूर रोडला प्रसूतिगृह आहे. सोलरचं पाणी ४५ अंशांवर ठेवतो. बाळंतिणी भाजत नाहीत, विजेचं बिलही येत नाही. यात काही चूक आहे का?

आहे, आणि ती जवळपास सगळ्या नाशकात आहे.

लिजिओनेला नावाचा जंतू २० ते ४५ अंशांत वाढतो, पस्तीसच्या आसपास तर त्याची दिवाळी. साठच्या वर तो फार टिकत नाही. १९७६ च्या जुलैत फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात माजी सैनिकांचं अधिवेशन होतं. त्याला आलेल्यांपैकी २९ जण न्यूमोनियानं गेले, आणि कशामुळे ते सहा महिन्यांनी, १९७७ च्या जानेवारीत उमगलं. जंतूला नावही त्या सैनिकांच्या संघटनेवरून पडलं. पाणी प्यायल्यानं सहसा काही होत नाही. शॉवरचे, नळाचे बारीक तुषार श्वासातून फुप्फुसात गेले की होतं.

तुमची ४५ अंशांची टाकी श्रावणात काय करते ते बघा. आठ-आठ दिवस ऊन नाही, पाणी ३८ वर, आणि सकाळी तेच शॉवरमधून. टाकीत विजेचा बॅकअप लावा आणि पाणी ६० अंशांवर ठेवा. मग भाजण्याचा प्रश्न खरा होतो. साठ अंशांच्या पाण्यानं पाचेक सेकंदांत खोल भाजतं. त्यावर उपाय नळापाशी: थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह, म्हणजे गरम-गार मिसळून ठरलेल्या अंशांचंच पाणी सोडणारा कॉक. तो गच्चीवर एकच बसवून पैसे वाचवू नका. तिथे बसवला तर खालच्या सगळ्या पायपात पुन्हा कोमटच पाणी. नळाच्या जितका जवळ तितका चांगला.

गरम पाण्याची लाइन टोकापर्यंत जाऊन परत टाकीत येणारी हवी, छोट्या पंपानं फिरणारी. परत येणारं पाणी ५५ च्या खाली उतरू नये. पंप आहे पण फिरतंय का, याची परीक्षा सोपी. सर्वांत लांबचा गरम नळ सोडा. मिनिटभरात कडक पाणी यायला हवं. बादलीभर गार पाणी सांडल्यावर गरम येत असेल तर तो पाइप रात्रभर झोपलेला होता.

गार पाण्याबद्दल ब्रिटिश नियम म्हणतात २० अंशांच्या खाली ठेवा. वाचून हसू येतं. जानेवारीत, निफाडचा पारा पेपरात छापून येतो तेव्हा, आपलं पाणी त्या नियमात बसतं. एप्रिलमध्ये गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं गार पाणी हातालाच कोमट लागतं. म्हणून आपल्याकडे गार लाइनसुद्धा गरम समजूनच आखायची: टाकीवर छप्पर, डक्टमध्ये गरम आणि गार पाइप एकमेकांना चिकटलेले नाहीत, क्लोरीन टोकापर्यंत, आणि साठा दिवसाचा दिवसाला संपणारा.

सेन्सरचे नळ बसवू का? हात लागत नाही म्हणजे स्वच्छ ना?

मलाही तसंच वाटायचं, पन्नासेक बसवलेतही. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयानं २०११ मध्ये तपासलं तेव्हा सेन्सरच्या निम्म्या नळांच्या पाण्यात लिजिओनेला मिळाला, साध्या नळांत १५ टक्क्यांत. आत बारीक व्हॉल्व्ह, रबर, जाळ्या, धार लहान, सगळं बुळबुळीला सोयीचं. त्यांनी ते नळ काढले. बेलफास्टच्या एका नवजात अतिदक्षता कक्षात २०१२ च्या जानेवारीत स्युडोमोनासनं तीन बाळं गेली, तिथेही जंतू नळाच्या आतल्या भागांत सापडले. कोपरानं उघडायचा लांब दांडीचा नळ घ्या. तोंडाची जाळी काढून टाका. जोडायला विणलेली लवचीक नळी नको, आतलं रबर जंतूंना धरून ठेवतं. सरळ तांब्याचा किंवा सीपीव्हीसीचा तुकडा.

वडिलांचं आठवड्यातून दोनदा सिन्नरहून नाशकात येऊन डायलिसिस होतं. घरी आम्ही त्यांना फिल्टरचंच पाणी देतो. तिथलं पाणी कसं असतं? आम्ही काय विचारावं?

एक हिशोब करा. डायलिसिसच्या मशीनमधून मिनिटाला साधारण ५०० मिली द्राव जातो. चार तासांचे १२० लिटर. त्या पाण्यात आणि वडिलांच्या रक्तात एका पातळ पडद्याचं अंतर असतं, मध्ये पोट नाही, आतडं नाही.

इथे गंमत उलटी आहे. वर डॉक्टरांना मी क्लोरीन राखायला सांगितलं. डायलिसिसमध्ये तो काढावाच लागतो, नाहीतर तांबड्या पेशी फुटतात. म्हणून कार्बनच्या दोन टाक्या एकामागोमाग, मग आरओ. त्यापुढच्या पाण्याला कोणी राखणदार नाही. तिथे सगळी भिस्त पायपाच्या आखणीवर: मशीनपाशी जाऊन परत येणारी अखंड रिंग, पाणी रात्रीही फिरतं, फाटा जेमतेम वितभर, आणि ठरलेल्या दिवशी सगळ्या रिंगचं निर्जंतुकीकरण. १९९६ मध्ये ब्राझीलच्या कारुआरू गावी डायलिसिस केंद्राला टँकरनं तलावाचं पाणी गेलं. त्यात शेवाळी जंतूंचं विष होतं. पन्नासच्या वर रुग्ण दगावले.

केंद्रात जाऊन भांडू नका. टेक्निशियनला विचारा, "भाऊ, आज पहिल्या कार्बन टाकीनंतर क्लोरीन तपासला का? वही बघू का?" ज्याची वही आहे तो अभिमानानं दाखवतो.

आयटीआय करून एका ठेकेदाराकडे लागलोय. दवाखान्यातल्या एका बंद खोलीच्या न्हाणी ट्रॅपमधून गटाराचा वास येतो. साहेब म्हणतात वरून एम-सील लावून टाक. लावू का?

नको लावूस. वास का येतो ते आधी बघ. ट्रॅपमध्ये दोन इंच पाणी असतं, तेवढाच काय तो गटार आणि खोलीमधला दरवाजा. खोली बंद, पाणी पडत नाही, उन्हाळ्यात ते सुकून गेलं आणि दरवाजा उघडा पडला. २००३ मध्ये हाँगकाँगच्या आमॉय गार्डन्स इमारतींत सार्सच्या साथीत तीनशेवर लोक आजारी पडले, आणि न्हाणीघरांचे सुकलेले ट्रॅप त्यातलं एक मोठं कारण ठरलं. खोली पुन्हा वापरायची असेल तर आठवड्याला तांब्याभर पाणी ओतायला सांग. कायमची बंद असेल तर ट्रॅपच काढ आणि पाइप खालच्या मजल्याच्या छताशी, जिथे मेनला मिळतो तिथे बंद कर. आणि ऑपरेशन थिएटरच्या आत कोणी न्हाणी ट्रॅप मागितला तर हात जोडून नाही म्हण.

साहेबांना माझं नाव सांग. शिव्या मला घालतील.

आमच्या दवाखान्यात फरशी पुसायला नळाला रबरी नळी लावून बादलीत सोडतात. कोणीतरी म्हणालं हे धोक्याचं आहे. नळीत काय धोका? — इंदिरानगर

नळीचं तोंड घाण पाण्यात बुडालेलं असताना वरची टाकी संपली किंवा खालच्या मजल्यावर कोणी मोठा कॉक उघडला, की लाइन उलटी ओढते. बादलीतलं पाणी पायपात, आणि तुमच्या खालच्या मजल्याच्या नळात. लहानपणी आपण पिंपातून नळीनं रॉकेल तोंडानं ओढायचो, तेच. १९३३ मध्ये शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं असताना दोन हॉटेलांच्या पायपांत गटार आणि पिण्याचं पाणी असं मिसळलं आणि आमांशानं ९८ माणसं गेली. नळाचं तोंड आणि बादलीचा काठ यांत पायपाच्या व्यासाच्या दुप्पट तरी मोकळी हवा ठेवा. एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह, लावू का, असं विचाराल. लावा, पण त्यात कचरा अडकतो. हवेत काही अडकत नाही. टँकरची नळी खालच्या टाकीत बुडवून ठेवतात त्यालाही हेच लागू.

मी दवाखान्यात झाडलोट करते. सिस्टरांनी सांगितलं म्हणून रोज सकाळी रिकाम्या खोल्यांचे नळ सोडते. सुपरवायझर ओरडतो, पाणी वाया घालवते म्हणून. किती वेळ सोडायचे ते लिहून द्या, म्हणजे त्याला दाखवीन. (मुलीकडून लिहून घेतलं आहे.)

मावशी, लिहून देतो.

अर्ध्या इंची पायपात दर मीटरला साधारण पावणेदोनशे मिली पाणी मावतं. मेन लाइनपासून खोलीतल्या नळापर्यंत वीस मीटर पाइप धरला तरी साडेतीन लिटर. साधा नळ मिनिटाला सहा लिटर सोडतो. म्हणजे मिनिटभरात शिळं पाणी निघून जातं, दुसऱ्या मिनिटाला ताजं क्लोरीनचं पाणी येऊन नळ आतून धुऊन जातो. दोन मिनिटं पुरे. शॉवर असेल तर त्याचं तोंड बादलीत धरा किंवा जुनी पिशवी बांधा, तुषार उडू देऊ नका आणि त्या वेळी तोंड बाजूला ठेवा. गरम नळ वेगळा सोडायचा, तोही दोन मिनिटं.

एका नळाचे बारा लिटर. समजा पाच खोल्या रिकाम्या आहेत, प्रत्येकीत एक गार आणि एक गरम नळ. मिळून १२० लिटर. तीस खाटांच्या दवाखान्याला रोज १०,२०० लिटर लागतात. शंभर रुपयांतले सव्वा रुपयाहून कमी झाले. ते पाणीही सांडायचं नाही, बादलीत धरून त्यानंच फरशी पुसा.

सुपरवायझरला हे पान फाडून द्या, अंक माझ्या जबाबदारीवर. आणि त्याला सांगा, खोलीच्या दारामागे एक कागद चिकटव: तारीख, वेळ, सही. सही तुम्ही करायची. मुलीनं अक्षर छान काढलंय, तक्ता तिच्याकडूनच आखून घ्या.